डाव्या हाताचं खुरपं

आई, उजव्या हातानं लिहितेय. डावा प्लॅस्टरमध्ये आहे. घाबरू नकोस, मनगटाच्या हाडाला चीर गेलीय एवढंच. पाथर्डी रस्त्याला खडी सांडली होती, तिच्यावर स्कूटी घसरली. डॉक्टर म्हणाले, हात अजिबात हलवायचा नाही. मी विचारलं, तोंड हलवलेलं चालेल का? तर तुझे जावई शेजारी उभे होते, ते म्हणाले, डॉक्टर, ते थांबवायचं काही औषध असलं तर तेवढं लिहून द्या. लिहायची मला अडचण नाही. शाळेत गुरुजींनी पट्टीनं मारून मारून लिहिण्यापुरता माझा उजवा हात तयार केला होता, त्या माराचा उपयोग पन्नाशी उलटल्यावर आत्ता कुठं होतोय. कागद खाकी आहे, ब्लाऊजचे साचे काढायचा. दुकानात दुसरा कोरा कागद सापडला नाही. दुकान तेच, शेवगावातलं, तू पाहिलेलं. तू ज्या स्टुलावर बसून पहिल्या ब्लाऊजची हुकं लावलीस ते स्टूलही आहे, एक पाय बदललाय फक्त.

सांगायचं आहे ते माझ्या चुलत बहिणीबद्दल. तुझ्या थोरल्या जावेची लेक, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. एका अंगणात वाढलो, एका वर्गात बसलो, आणि तिसगावच्या त्या आळीनं आम्हा दोघींना कधी वेगवेगळं पाहिलंच नाही. एकीकडे बघून झालं की लगेच दुसरीकडे बघायचे. ती उंच, मी बुटकी. ती वर्गात पहिली, मी मधेच कुठंतरी. तिची भाकरी गोल, माझी जिकडं जाईल तिकडं. पाहुणे आले की चहा पिता पिता हीच करमणूक. त्यांना वाटायचं गंमत करतोय. मला मात्र सवय लागली. माझं काहीही झालं की मी आधी तिचं किती झालं ते बघायचे, आणि मग हसायचं की रडायचं ते ठरवायचे. तू हे केव्हा ओळखलंस मला माहीत नाही, पण बाजरीच्या त्या खुरपणीच्या दिवशी तू बोललीस.

तुला आठवत असेलच, पण मलाच ते पुन्हा बघावंसं वाटतंय. आपल्याकडं खुरपणी सावडीनं व्हायची, आज आपल्या रानात, उद्या त्यांच्या. सगळ्या बायका एका बांधाला ओळीनं बसायच्या आणि प्रत्येकीनं दोन-तीन सऱ्यांची आपापली पात धरायची. पात म्हणजे तुझ्यापुढची तेवढी जमीन, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, तुझी तू पुरी करायची. आणि तुझा एक नियम होता, तो सगळ्या बायका मानायच्या. जिची पात आधी लागेल, म्हणजे खुरपून संपेल, तिनं झाडाखाली बसायचं नाही. जी सगळ्यात मागं असेल तिच्या पातीत समोरून शिरायचं आणि खुरपत खुरपत तिच्याकडं यायचं. दोघींची खुरपी समोरासमोर आली की पात संपली. मग सगळ्यांनी मिळून पाणी प्यायचं. बाकीच्या बायकांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. मागं राहिलेली म्हातारी तर पुढून कुणी आलं की खूश व्हायची, तेवढ्याच गप्पा. पण मला तो नियम म्हणजे फाशी वाटायची. कारण मागं राहणारी नेहमी मी आणि समोरून येणारी नेहमी ती. तिची वेणी हलत हलत माझ्या दिशेनं यायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मला तिची मदत नको होती. मला तिला एकदा हरवायचं होतं.

त्या दिवशी मी ठरवूनच बसले. सातवी-आठवीत असेन. मान तिच्याकडं आणि हात जमिनीत. ती एक वीत पुढं गेली की मी दोन वीत ओढायचे. बाजरी बोटभर उगवलेली, आणि त्या वयात बाजरीचं रोप आणि गवत यांत फरक करायला नजर लागते हे मला ठाऊक होतं, पण नजर होती कुठं जाग्यावर? अर्ध्या पातीत मी पहिल्यांदा तिच्या बरोबरीला आले. आनंदानं ओरडणार तेवढ्यात तू मागून आलीस, माझ्या पातीवरून मागं बघत चालत गेलीस, आणि परत येऊन माझ्यासमोर उकिडवी बसलीस. "बाजरी उपटली आन् गवत ठिवलंस," तू म्हणालीस. "तिच्या पातीत काय हाय गं तुझं? काय ठिवलंय तिथं? मान तिकडं आन् हात हिकडं, मग दुसरं काय हुनार?" सगळ्या बायका खुदुखुदु हसल्या. चुलती जरा जास्तच हसली. तू मात्र हसली नाहीस आणि ओरडलीही नाहीस. दाट उगवलेल्या जागची रोपं मातीसकट काढून तू माझ्या ओंजळीत दिलीस आणि रिकाम्या झालेल्या जागा मलाच भरायला लावल्यास. दिवस मावळेपर्यंत मी एकेक रोप लावत होते. तू शेजारी बसून पाण्याचा तांब्या धरला होतास, आणि चुलत बहिणीला घरी पाठवून दिलं होतंस. तिनं त्या दिवशी माझ्या पातीत यायचं नाही असं तू सांगितलंस, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. आता कळतं.

पुढच्या बाजारी तू मला लोहाराकडं नेलंस. मला वाटलं विळ्याला धार लावायची असेल. तू माझा डावा हात धरून त्याच्यापुढं केलास आणि म्हणालीस, "ह्या हाताचं खुरपं करून द्या." लोहार भात्यावरून वर बघून म्हणाला, "डावं खुरपं? आजपतुर कुनी मागितलं न्हाई. पोरीलाच उजव्या हाताची सवय लावा की." तू म्हणालीस, "जेवताना उजवा, देवापुढं उजवा, शाळंत उजवा. रानात तरी तिला तिचा हात ऱ्हाऊ द्या." तो तरी कुरकुरत होता. मग तू जे बोललीस ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, जपून ठेवलं. तू म्हणालीस, "माझी लेक हळू न्हाई. खुरपं तिचं न्हाई." लोहारानं पातं उलट्या बाजूला वळवलं, बाभळीची मूठ माझ्या बोटांच्या मापानं तासली. बाजारात तू मला भेळ घेऊन दिलीस आणि खुरपं पिशवीत न टाकता हातात धरून चाललीस, लोकांना दिसेल असं. कुणी विचारलं नाही तरी तू सांगत होतीस, डावं हाय, पोरीसाठी मुद्दाम केलंय. मी लाजेनं मागं मागं राहत होते. आत्ता लिहिताना ऊर भरून येतोय.

त्या खुरप्यानं मी काही पहिली आले नाही. ते तुलाही माहीत आहे. पण एक दिवस असा गेला की मी मान खाली घालून खुरपत राहिले, बाजरी बाजरीसारखी दिसत होती, गवत गवतासारखं, खुरपं मातीत आपोआप वळत होतं, आणि एकदम माझ्या हाताला बांधाचा दगड लागला. मी वर बघितलं. कोण पुढं, कोण मागं, मला पत्ताच नव्हता. तू लांबून बघत होतीस. पदर तोंडाला लावून हसलीस. मी सुख म्हणून काही पहिल्यांदा ओळखलं असेल तर ते त्या बांधाजवळ.

मग मी ते विसरले. चांगली वीस-पंचवीस वर्षं विसरले. ती नगरला कॉलेजात गेली, मी दहावीनंतर शिवणक्लासला. ती बँकेत लागली, साहेबीण झाली. मी लग्न करून शेवगावात आले आणि ह्या गाळ्यात मशीन टाकलं. नगरचं नाव आता बदललंय बरं का, पाट्यांवर अहिल्यानगर लिहितात, पण एसटीत बसल्यावर बायका अजून नगरचंच तिकीट मागतात. तर ती नगरहून दिवाळीला यायची. ती येणार म्हटलं की मी आठ दिवस आधी पडदे धुवायचे, दुकानाच्या काचेवर नवी चित्रं चिकटवायचे, ती आली की उगाच दोन-चार ब्लाऊज पसरून ठेवायचे, म्हणजे कामाचा ढीग दिसावा. तिनं गाडी घेतली त्या वर्षी मला ताप आला. खरंच आला, थर्मामीटर लावून बघितला होता. तिच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा मी घरभर फिरून कुठं ओल आलीय का ते शोधत होते. तू तोवर गेली होतीस. असतीस तर माझी मान धरून सरळ केली असतीस.

हे तिच्याकडं बघणं कधी सुटलं ते मला नेमकं सांगता येत नाही. एका दिवसात नाही सुटलं. डाव्या हाताची कात्री मिळाली तेव्हापासून असेल. अशी कात्री मिळते हेच मला माहीत नव्हतं. साध्या कात्रीनं कापून कापून अंगठ्याला घट्टा पडला होता आणि कापडाखालची रेघ दिसायची नाही म्हणून मी मान वाकडी करून कापायचे. मग मोबाईलवर दिसली, घरपोच आली. पहिल्यांदा ती कापडात घातली आणि गळ्याचा गोल एका दमात सर्रकन फिरला, तेव्हा तुझं लोहाराकडचं बोलणं जसंच्या तसं कानात आलं. त्यानंतर हळूहळू असं व्हायला लागलं, की मी कापायला बसले की कापतच असायचे. बाहीजवळचा मुंढा कुठं सैल सोडायचा, कुठल्या बाईचा एक खांदा उतरता आहे, कुणाला गळा मोठा हवा असतो पण सासूसमोर सांगता येत नाही, हे सगळं माझ्या हाताला कळतं आणि मला त्याचा अभिमान आहे. माझ्याकडून ब्लाऊज नेलेली बाई आरशासमोर उभी राहिली की पाठ ताठ करते. ते बघायला मी मुद्दाम त्यांना दुकानात घालून बघायला लावते. दोन-तीन दिवाळ्या अशा गेल्या की पडदे धुवायचे राहून गेले आणि ती येऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तरी खात्री नव्हती. खात्री ह्या हातानं करून दिली. बाजारात मेथी-कोथिंबीर विकणारी एक बाई आहे, तिच्या लग्नातला ब्लाऊज मीच शिवला होता, माझा दुकानातला पहिल्या वर्षीचा. आता तिच्या मुलीचं लग्न. नवरीचे आणि घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडं. सगळे कापून झालेले, आणि माझा हात मोडला. कापलेलं कापड दुसऱ्या टेलरकडं दिलं तर तो हात लावत नाही, आणि लग्न तर तोंडावर. ती बाई दुकानात आली, प्लॅस्टर बघितलं आणि मटकन खाली बसली. म्हणाली, "आता वं कसं? पोरगी तर म्हन्ती, मम्मीचा शिवला तिथंच माजा शिवायचा." मी म्हटलं, होईल. कसं होईल ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत बहीण दारात उभी. हात मोडल्याचं तिला तुझ्या जावयांनी फोनवर सांगितलं होतं. तिनं पर्स खुंटीला अडकवली, कापलेल्या कापडांचा ढीग बघितला आणि म्हणाली, "सरक. मशीनवर मी बसते."

आई, खरं सांगते, तिची ती वेणी हलत माझ्या दिशेनं येताना दिसली. केस आता तिनं कापलेत, पण मला वेणीच दिसली. 'नको, तुला नाही जमायचं' हे माझ्या जिभेवर आलं होतं. दहावीच्या सुटीत शिवणक्लासला दोघी बरोबरच जायचो, ती कॉलेजात जाईपर्यंत, त्यामुळं तिला मशीन येतं हे मला माहीत होतं. तरी वाटलं, ह्या चार भिंतींत तरी हिनं यायला नको. इथं मी पुढं आहे. हे वाटलं आणि मी दचकले. तेवढ्यात तीच बोलली. "अगं, माझी पात लागली. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली मी, मागच्या महिन्यात. आता बांधावर बसून काय करू? काकू असती तर बसू दिलं असतं का?" ती मशीनचं कव्हर काढत म्हणाली, "आणि तुला एक सांगू का? मला लई राग यायचा. मी मर मर करून पात लावायची, घसा सुकलेला असायचा, आन् काकू म्हणायची, जा आता तिच्या पातीत. वर तुला इशेष खुरपं. बाजारातनं हातात मिरवत आणलं होतं तिनं. मी आईला म्हटलं, मला पण माझं खुरपं पाहिजे. आई म्हणाली, तुझं सगळ्यांसारखंच हाय की. मी त्या रात्री जेवले नाही." एवढी मोठी साहेबीण, माझ्या दुकानात उभी राहून गावच्या बोलीत सांगत होती की तिला आयुष्यभर माझं खुरपं हवं होतं.

मी सरकले. मशीन तिला दिलं आणि मी खडूनं खुणा करायला, टाचण्या लावायला, इस्त्री फिरवायला बसले. आपल्या रानातल्यासारखंच झालं, मी खांद्याच्या बाजूनं तयार करून देत होते आणि ती खालच्या पट्टीकडून शिवत माझ्याकडं येत होती. मला एकदाही फाशी वाटली नाही. तिची शिलाई सरळ होती, ते बघून मला बरं वाटलं, माझ्या बहिणीची शिलाई सरळ आहे म्हणून. दुपारी तिनं जास्तीचं कापड कापायला माझी कात्री घेतली. कापड नुसतं दुमडतंय, कापतच नाही. ती जोर लावतेय, तोंड वाकडं करतेय. "हे काय गं हत्यार तुझं!" मी म्हटलं, "डाव्या हाताची आहे ती." तिनं कात्री उलटसुलट फिरवून बघितली, आणि मग ती तुझ्या आवाजात बोलली, हुबेहूब, "मी हळू न्हाई. कात्री माझी न्हाई." म्हणजे तिला ते माहीत होतं! तू घरी येऊनही ते सांगितलं असशील, तिच्यासमोरच सांगितलं असशील. मी जपून ठेवलेलं तिनंही जपून ठेवलं होतं. आम्ही इतक्या हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. हसता हसता मी रडले. मला तुझा अभिमान वाटला, तिचा वाटला, आणि तिचा वाटताना पहिल्यांदा कुठंच दुखलं नाही.

लग्नाला दोघी गेलो. नवरी मंडपात आली ती पाठ ताठ करून, आणि भाजीवाली बाई इतकी मिरवत होती की कोपऱ्यात उभी राहून ती नवरीची पाठ दाखवत होती, चेहरा नाही. तिसगावची एक म्हातारी भेटली. तुझ्या सावडीतली, अजून टुणटुणीत आहे. डोळ्यांवर हात धरून आम्हा दोघींना बघत म्हणाली, "यातली साहेबीन कंची अन् शिवनारी कंची?" पन्नास वर्षं झाली तरी त्यांचा चहा काही संपत नाही. मी म्हटलं, "मावशी, शिवणारी मी." आणि असं म्हणताना माझा आवाज मला आवडला. मी सुखी आहे, आई. हे मी आधीही म्हणायचे, पण तेव्हा त्याच्या पुढं मनात 'तिच्याएवढी' किंवा 'तिच्यापेक्षा' असं काहीतरी चिकटलेलं असायचं. आता नुसतं सुखी, पुढं काही नाही. आणि हे टिकतंय. लग्न होऊन आठवडा झाला, मी रोज उठून बघते, आहे जाग्यावर.

खुरपं मागच्या अंगणात असतं. पातं झिजून बोटभर राहिलंय, पण कढीपत्त्याच्या बुंध्याशी चालतं. प्लॅस्टर निघालं की आधी तिथलं गवत काढायचंय. कागद संपत आला. हा कुठं पाठवायचा असतो ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवला नसता, खाकी कागद महाग झालाय. हात सुटला की याच्यावरच एक बाहीचा साचा कापीन. लिहिलेली बाजू कापडाला लागेल.

एक मात्र बहिणीला सांगितलेलं नाही. शिवून झाल्यावर ती चहा सांगायला बाहेर गेली तेव्हा मी नवरीच्या ब्लाऊजची तिनं लावलेली हुकं तपासली. वरची दोन जरा ढिली होती. मी ती उसवली आणि उजव्या हातानं, जीभ दातात धरून, पुन्हा लावली. पात माझी होती, तेव्हा ते करायलाच हवं होतं. पण उसवताना मला जरा बरं वाटलं, आई. जरासंच. तू असतीस तर मान वर न करता म्हणाली असतीस, "हसू नको. बाजरी उपटशील."